सगळ्या उपमा खोडून टाकू का?

पत्र:

ताई, मी रावेर तालुक्यातली. मराठी घेऊन बी. ए. झाले, सध्या एका दुकानात हिशेब लिहिते आणि रात्री कथा. शाळेत अलंकार ओळखण्यात माझा एकही मार्क जात नसे. माझी पहिलीच कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली होती, ती परत आली. सोबत संपादकांचा शेरा होता : ‘भाषा सजवली आहे, पण माणूस दिसत नाही. उपमा कमी करा.’ कथा आमच्याच बागेची आहे. जूनच्या वादळात आमची केळी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील बागेत गेले आणि पडलेली खोडं मोजत चालत राहिले. त्रेचाळीसपर्यंत आले, थांबले आणि परत एकपासून मोजायला लागले. ते बघूनच ही कथा सुचली. आता मैत्रीण म्हणते, आजकाल अलंकार चालतच नाहीत, सगळे काढून टाक. मग वाचकाच्या मनावर परिणाम व्हायचा कशाने? सगळ्या उपमा खोडून टाकू का? आणि संवाद आमच्या बोलीत लिहिले तर चालतील का? कथेतला एक परिच्छेद सोबत पाठवते आहे.

‘वादळाने बागेचा संहार केला होता. जणू रणांगणावर वीरांची कलेवरे विखुरली असावीत तशी केळीची खोडे पडली होती. निसर्गही ते दृश्य पाहून रडत होता. बाबांचे काळीज काचेसारखे तडकून त्याचे हजार तुकडे झाले आणि त्यांच्या डोळ्यांतून आसवांचा महापूर वाहू लागला.’

उत्तर:

तुमची कथा तुमच्या पत्रात आहे. परिच्छेदात ती अजून आलेली नाही. हे नाउमेद करायला लिहीत नाहीये. वडील त्रेचाळीसवर थांबले हे ज्या मुलीच्या नजरेतून सुटलं नाही, तिच्याकडे लेखकाला लागणारी सगळ्यात अवघड गोष्ट आधीच आहे. बाकीचं शिकता येतं.

आधी मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. अलंकार चालत नाहीत हे खरं नाही. पोटात कावळे ओरडतात, एखाद्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, पोरगं डोक्यावर मिरे वाटतं. बाजारात, बसमध्ये, स्वयंपाकघरात माणसं दिवसभर अशीच बोलतात आणि त्यातला कुणीही अलंकार वापरतोय म्हणून बोलत नाही. तेव्हा अलंकार ठेवायचे की काढायचे हा वाद इथेच सोडू. कोणता अलंकार वाचकाला काय करायला लावतो, हे कळलं की कुठला ठेवायचा ते आपोआप ठरतं.

शाळेत आपल्याला शिकवलं ते ओळखायला. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, ‘सारखा, प्रमाणे, जसा’ दिसलं की उपमा, ‘जणू, गमे, वाटे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. परीक्षेला तेवढं पुरतं. पण ‘जसा’ घातला तर ऐकणाऱ्याचं काय होतं आणि काढला तर काय होतं, हे कुणी विचारलं नाही. त्याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे, बहिणाबाई चौधरींकडे. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी उतरून घेतली आणि त्या गेल्यानंतर १९५२ साली पुस्तकात आली. अलंकारांची यादी त्यांनी कधी पाठ केली नव्हती. आता या दोन जागा शेजारी ठेवून बघा.

अरे, संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तव्हा मिळते भाकर

आणि

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

पहिल्या कडव्यात ‘जसा’ आहे. तो ऐकला की आपण सावध होतो : आता तुलना येणार. संसार एका हातात, तवा दुसऱ्या हातात, आणि दोन्ही आपण शांतपणे ताडून बघतो. ही उपमा शिकवणारी, समजावणारी आहे, आणि समजावायला थोडं अंतर लागतंच. शिवाय ती तव्याच्या रंगारूपावर थांबत नाही. ‘आधी’ आणि ‘तव्हा’ या दोन शब्दांनी तिच्यात क्रम येतो. चटका आधी, भाकर नंतर. ज्याने कधी भाकरी थापली आहे त्याला हे पटवून द्यावं लागत नाही, त्याचा हातच साक्ष देतो.

दुसऱ्या कडव्यात ‘जसं’ नाही, ‘जणू’ नाही. मन आणि ढोर यांच्यामध्ये एकही शब्द उभा नाही, त्यामुळे ताडून बघायला सवडच मिळत नाही. आपण थेट बांधावर उभे असतो आणि पिकात ढोर शिरलेलं असतं. ‘वढाय वढाय’, ‘हाकला हाकला’ ही द्विरुक्ती नीट ऐका. ढोर जसं परत परत येतं तसा शब्दही परत येतो. अर्थ सांगायच्या आधीच कानाला तो अनुभव देऊन झालेला असतो. आणि ढोर मोकळ्या रानात नाही, उभ्या पिकात आहे. म्हणजे नुकसान चालू आहे, क्षणाक्षणाला चालू आहे. ‘मन चंचल असतं’ या वाक्यात ही धास्ती कुठे आहे?

एकाच बाईने एका जागी अंतर ठेवलं आणि दुसऱ्या जागी काढून घेतलं. समजावायचं असेल तिथे उपमा, थेट आत ओढायचं असेल तिथे रूपक. उत्प्रेक्षा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. ‘जणू’ म्हणताना लेखक वाचकाला सांगतो की ही कल्पना आहे, घटकाभर खरी धरून चालू. वाचक खुशीत असेल तर धरतो. वाचक हादरलेला असेल तर त्याला त्या खेळात रस नसतो.

आता तुमचा परिच्छेद. पहिला ‘जणू’ वाचकाला कुठे नेतो? रणांगणावर. माझ्या डोळ्यांपुढे रथ आले, ढाली आल्या, वरून घिरट्या घालणारी गिधाडं आली. बाग गेली. वडीलही गेले, कारण रणांगणावर केळीच्या बागायतदाराला काही काम नाही. संपादकांना माणूस दिसला नाही तो याच वाक्यात. ११व्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र नावाच्या पंडिताने ‘औचित्यविचारचर्चा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तो विचारतो, कमरेची मेखला गळ्यात घातली आणि पायातले नूपुर हातात बांधले तर लोक हसणार नाहीत का? दागिना खोटा नसतो, जागा चुकलेली असते. तुमचं रणांगण एखाद्या पोवाड्यात शोभलं असतं.

काचेसारखं काळीज हा वेगळा दोष आहे. ही तुलना कधीकाळी कुणाच्या तरी मनात पहिल्यांदा आली तेव्हा तिला धार असणार. आता ती इतक्या वेळा वाचलेली आहे की वाचकाला काचही दिसत नाही आणि काळीजही दिसत नाही. ‘दुःख झालं’ एवढं कळतं आणि डोळा पुढे सरकतो. झिजलेल्या उपमेचा परिणाम वाईट नसतो, तो नसतोच. म्हणून अशी वाक्यं लिहिणाऱ्याला निरुपद्रवी वाटतात. पण अशी चार-पाच वाक्यं ओळीने आली की वाचक झरझर वाचायच्या लयीत जातो, आणि मग ज्या जागी त्याने थांबायला हवं होतं तिथूनही तो त्याच वेगाने निघून जातो.

आसवांच्या महापुराबद्दल. अतिशयोक्ती मला मनापासून आवडते. दमडीचं तेल आणलं, त्यात सगळ्या घराचं न्हाणंधुणं झालं आणि उरलेलं तेल सांडलं त्याच्या ओघळात उंट पोहून गेला, हे लोकगीत ऐकून आजही मुलं खिदळतात. तिथे सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असतं की हे वाढवून सांगणं आहे, आणि वाढवण्यातच मजा आहे. तुमच्या परिच्छेदात तसा करार नाही. तुम्ही वाचकाला खरोखर रडायला सांगताय, आणि किती रडायचं तेही ठरवून देताय. माणूस अशा वेळी अंग चोरतो. निसर्गही रडत होता, हे वाक्यही तेच करतं. निर्जीवाला भावना देणं, म्हणजे चेतनगुणोक्ती, ही सुंदर गोष्ट आहे. पण जिथे माणसाचं दुःख समोर असताना झाडं, वारा, आभाळ सगळेच रडायला लागतात, तिथे वाचकाने रडण्याची गरज उरत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते. ते इथे पुन्हा लिहिते, फक्त थोडं तोडून.

‘सकाळी वडील बागेत गेले आणि पडलेली खोडं मोजत चालत राहिले. त्रेचाळीसपर्यंत आले. थांबले. परत एकपासून मोजायला लागले.’

इथे एकही अलंकार नाही असं तुम्हाला वाटेल. जुन्या शास्त्रकारांनी यालाही नाव दिलं आहे : स्वभावोक्ती. जे जसं आहे ते नेमकं टिपणं. पण त्याही पलीकडे इथे काही घडतं. वाचक आधी म्हणतो, मोजताहेत ते पंचनाम्यासाठी असेल. तलाठी येणार, कृषी सहायक येणार, त्यांना आकडा सांगायला हवा. व्यवहारी कारण आहे, पटण्यासारखं आहे. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरात १७०० च्या वर खोडं बसतात, तेव्हा मोजायला वेळही लागणारच. मग ते त्रेचाळीसवर थांबतात आणि एकपासून सुरू करतात. इथे पंचनाम्याचं कारण पुरत नाही. आकडा हवा असलेला माणूस चव्वेचाळीस म्हणतो. या माणसाला आकडा नको आहे. मग काय हवं आहे? ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच वाचक ते स्वतः शोधतो. शोधून त्याच्या हाती जे लागतं ते त्याला स्वतःचं वाटतं. त्यावर तो अंग चोरत नाही.

९व्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’मध्ये याच गोष्टीला काव्याचा आत्मा म्हटलं. शब्दांनी सांगितलेला अर्थ एक, आणि त्यातून उमटणारा, न सांगितलेला अर्थ दुसरा. तो दुसरा म्हणजे ध्वनी. त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी एक वाचलं की तुम्हाला तुमचे वडील आठवतील. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त ऋषी हिमालयाकडे येतात आणि शंकरासाठी पार्वतीला मागणी घालतात. पार्वती वडिलांच्या शेजारी खाली मान घालून उभी आहे. ती लाजली, हरखली, तिचं हृदय धडधडलं, असलं काहीही कवी लिहीत नाही. तो एवढंच लिहितो की पार्वती हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजू लागली.

मोजू लागली! दीड हजार वर्षांपूर्वीची ती मुलगी आनंद लपवायला पाकळ्या मोजते आणि रावेरचा बागायतदार दुःख आवरायला खोडं मोजतो. आतलं ओसंडून येऊ लागलं की माणूस हाताला, ओठांना काहीतरी मोजायला देतो. हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचून लिहिलं नाही, बांधावर उभं राहून पाहिलंत. त्या पाहण्यावर विश्वास ठेवा. त्या वाक्यानंतर एकही उपमा नको, एकही विशेषण नको. ‘त्यांना फार दुःख झालं होतं’ हे तर अजिबात नको.

मग उपमा कुठे हवी? मला ती बागेच्या वर्णनात हवी आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. खानदेशाबाहेरच्या वाचकाने पडलेली केळीची बाग पाहिलेली नाही. केळीच्या खोडात लाकूड नसतं, ते एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचं बनलेलं असतं आणि आतून पाण्याने भरलेलं असतं, हेही त्याला माहीत नसेल. ते मोडतं तेव्हा कसं दिसतं? आवाज कसा येतो? अर्धवट भरलेले घड मातीत कसे पडलेले असतात? तिथे वाचक तुमच्याकडे खरंच मदत मागतोय, आणि उपमा ही मदतच आहे : न पाहिलेलं पाहिलेल्याच्या आधाराने दाखवणं. फक्त उपमान रणांगणातून आणू नका, कथा सांगणाऱ्या मुलीच्या आयुष्यातून आणा. ती दुकानात हिशेब लिहिते ना? तिच्या नजरेला काय आठवेल? एक आठवण करून देते. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जात नाही. वडील त्या सकाळी बागेतून परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर तो होता का? असेल तर तो डाग कथेत यायला हवा, आणि सदरा धुणाऱ्या बाईच्या हातात यायला हवा. तो तुमच्या सगळ्या महापुराला पुरून उरेल.

नादाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या परिच्छेदात ‘संहार’, ‘कलेवरे’, ‘विखुरली’ हे शब्द नादासाठी आले आहेत अशी शंका येते. नादाचं सामर्थ्य मोठं आहे. ‘असतील शितं तर जमतील भुतं’ ही म्हण बघा. ‘जेवण असेल तर माणसं गोळा होतात’ असं म्हटलं तर अर्थ तोच राहतो, पण ते कुणी लक्षात ठेवणार नाही आणि त्यावर मान डोलावणार नाही. २००० साली मॅकग्लोन आणि तोफिघबख्श या अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. यमक असलेली वचनं आणि त्याच अर्थाची बिनयमकाची वचनं त्यांनी लोकांपुढे ठेवली, तर यमकाची वचनं लोकांना अधिक खरी वाटली. शब्दांची गोडी आणि अर्थ वेगवेगळे धरून बघा असं सांगितल्यावर हा परिणाम कमी झाला. म्हणजे नाद पटवतो, आणि वाचकाच्या नकळत पटवतो. घोषणा देणाऱ्यांना आणि जाहिराती लिहिणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक आहे. कथेत मात्र नाद मोठ्या शब्दांतून येत नाही, वाक्यांच्या लांबीतून येतो. ‘आले. थांबले. परत एकपासून.’ इथे वडिलांची पावलं ऐकू येतात.

दृष्टान्ताविषयी थोडक्यात. तुकोबा म्हणतात, ‘लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा । ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार.’ एरवी लहानपण मागावं असं कुणाला वाटत नाही. पण मुंगीच्या तोंडची साखर आणि हत्तीच्या डोक्यावरचा अंकुश डोळ्यांसमोर आला की वाद घालायच्या आधीच आपण कबूल झालेले असतो. दृष्टान्त पटवण्यासाठी असतो. म्हणून तो निवेदनात घालू नका, एखाद्या पात्राला कुणाची समजूत काढायची असेल तर त्याच्या तोंडी घाला. तुमच्या कथेत आजी आहे का? तिला तो हक्क आहे.

संवाद बोलीत लिहिले तर चालतील का, असं विचारलंत. चालतील असं म्हणणंही कमीच, ते बोलीतच हवेत. वडील वादळानंतर घरात जे पहिलं वाक्य बोलले ते प्रमाण मराठीत नक्कीच बोलले नसणार. ते आठवा आणि कानाला ऐकू आलं तसं लिहा. दोन पथ्यं पाळा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही म्हणून कंसात अर्थ देऊ नका. संदर्भ नीट असला की वाचक अर्थ लावतो, बहिणाबाईंचा ‘वढाय’ महाराष्ट्राने असाच लावला. आणि बोली फक्त नोकर, म्हातारे, विनोदी पात्रं यांच्या वाट्याला देऊ नका. घरात सगळे बोली बोलत असतील तर सगळ्यांनी बोलावी, शिकलेल्या मुलीनेसुद्धा. निवेदनाची भाषा कोणती ठेवायची ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरली की शेवटपर्यंत तीच ठेवा. ‘कलेवरे’ लिहिणारी मुलगी पुढच्या ओळीत ‘बाबा घरी आले’ असं लिहिते तेव्हा कथेत दोन बायका बोलताहेत असं वाटतं.

आता कामाला लागा. कथेची छापील प्रत काढा आणि प्रत्येक तुलनेखाली रेघ मारा. मग ती तुलना बोटाने झाकून वाक्य वाचा. वाक्य पूर्वीइतकंच उभं राहत असेल तर तुलना काढा. वाक्य आधीपेक्षा जास्त दाखवत असेल तर ती काढाच, मुळीच दयामाया नको. आणि झाकल्यावर काहीतरी दिसेनासं झालं तर ती ठेवा, मग मैत्रीण काहीही म्हणो. मला वाटतं दोन-तीन राहतील. कमी राहिल्या म्हणून घाबरू नका, भरपाईला नव्या शोधत बसू नका.

हे झाल्यावर कथा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. वडिलांना इतक्यात नको. आई किंवा भाऊ चालेल, ज्याने ती सकाळ पाहिली आहे असं कुणीतरी. वाचताना त्यांनी मध्येच ‘असं नव्हतं, असं होतं’ म्हणून तोडलं तर वाद घालू नका, पेन्सिलने तिथे खूण करा आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत समासात उतरवून घ्या. नवा खर्डा तिथून सुरू करा. तो झाला की मला पाठवा, मला वाचायचा आहे.